आमची भांडी वाचणारी

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, अजूनही वाटतो. लोक म्हणतात, वय झालं की असलं सगळं निवतं. माझं काही निवलं नाही. आजही कुणी पेपरात तिचा फोटो दाखवला की मी आधी फोटो बघतो, मग खालचा मजकूर दोनदा वाचतो आणि मग दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत बसतो.

आम्ही सोलापूरला एमएला एका वर्गात होतो. विषय सांस्कृतिक इतिहास. वर्गात चौदा जण, त्यातले निम्मे नेट-सेट निघेपर्यंत घरच्यांना सांगायला काहीतरी पाहिजे म्हणून आलेले. ती मोहोळहून रोज एसटीने यायची. वडील तिथेच एका कचेरीत शिपाई. उंच, काटकुळी, पायात पुरुषी चपला आणि खांद्याला ही एवढी जड पिशवी. पिशवीत पातळ कागदांची चळत, पेन्सिली, एक छोटी बॅटरी आणि प्लास्टिकच्या डबीत चिंचेचा गोळा. आता एमएच्या मुलीच्या पिशवीत चिंचेचं काय काम?

सांगतो. कुणाच्याही घरी गेली की ही बाई आधी पाणी मागायची. तहान असो नसो. घटाघटा प्यायची आणि मग तांब्या उलटा करून बुडाशी, कडेशी, मानेशी काही कोरलंय का ते बघायची. आपल्याकडे लग्नाला, वास्तुशांतीला भांडं द्यायचं तर वर देणाऱ्याचं नाव घालूनच देतात. ती नावं ही वाचत सुटली होती. पितळ काळं पडलं असेल तर चिंच लावून घासायची. अक्षर पुसट असेल तर बॅटरीचा झोत तिरका धरायची. मग वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवायची आणि नाव कागदावर उतरवून घ्यायची. हे सगळं घरच्या बाईशी गप्पा मारत. बायकांना तर ती आवडायचीच, फुकटात भांडी लखलखीत होत होती. कागदी कपात चहा दिला तर मात्र हिचा चेहरा पडायचा. "ह्यात काय वाचायचं?" म्हणायची.

एकदा आमच्या गाईड सरांनी सगळ्या वर्गाला घरी चहाला बोलावलं. आम्ही दिवाणखान्यात सरांच्या पुस्तकांचं कौतुक करत बसलो होतो. तेवढं करणं भाग होतं, गुण त्यांच्याच हातात होते. ही स्वयंपाकघरात गेली ती बाहेर यायलाच तयार नाही. अर्ध्या तासाने हातात एक पितळी घंगाळ घेऊन आली आणि भाबडेपणाने म्हणाली, "सर, हे तुम्हाला विभागप्रमुखांनी वास्तुशांतीला दिलं ना? त्यांच्या नावाच्या खाली घासलेलं एक नाव हाय. तुमच्याच मेव्हण्याचं." म्हणजे सरांच्या मेव्हण्याने कधीकाळी विभागप्रमुखांच्या घरी दिलेला आहेर फिरून फिरून सरांच्याच घरी आला होता! मॅडमचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे वर्षभर त्या विभागप्रमुखांच्या बायकोशी बोलत नव्हत्या. आणि ही मात्र वर्गात सगळ्यांना सांगत होती, "आहेर फिरतो की नाही, ह्याचा पुरावा घावला!"

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वस्तू खोटं बोलत न्हाय, मालक बोलतो." सेमिनारमध्ये, एसटी स्टँडवर, कॅन्टीनमध्ये, कुठेही. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

तिला 'भांडीवाली' हे नाव कुणी ठेवलं, माहीत आहे? मी. "एमएला आलीय की भांडी घासायला?" हा विनोदही माझाच, आणि त्यावर वर्ग खूप हसायचा. गंमत अशी, की त्या वर्गात खरा भांडीवाला मीच होतो. शुक्रवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान. अण्णा, म्हणजे माझे वडील, भांड्यांवर नावं घालण्यात नावाजलेले. यंत्र आल्यावरही ते हाताने, छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबांनी अक्षरं घालायचे. पण हे मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. वडील काय करतात विचारलं की मी 'बिझनेस' म्हणायचो. माझा प्रबंध उत्सवपरंपरेवर होता. अकरा पुस्तकं वाचून मी बारावं लिहीत होतो. विद्यापीठात पहिला येणार हे मी धरून चाललो होतो, कारण यायलाच पाहिजे होतं. अण्णांनी दोन वर्षांची मुदत दिली होती. "शीक. नोकरी लागली तर जा. न्हाय लागली तर दुकानात बस." दुकानात बसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

ह्या विषयात नोकरी कसली, हा प्रश्न आम्हा सगळ्यांनाच छळायचा. म्हणून विभागाने एकदा पुण्याहून एक बाई बोलावल्या, करिअर मार्गदर्शनाला. त्यांनी फळ्यावर यादीच लिहिली. वस्तुसंग्रहालय, अभिलेखागार, वारसा-फेरी, पर्यटन, प्रकाशन, मालिकांसाठी संशोधन, प्राध्यापकी. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे तासिका तत्त्वावर बार्शीला." सगळे हसले. मी वहीत यादी सुंदर अक्षरात उतरवून घेतली आणि प्रत्येकासमोर पात्रता लिहिली. ही मात्र उभी राहिली.

"मॅडम, लोकांच्या घरी जाऊन बसायचं, त्यांच्या वस्तूंबद्दल बोलायचं, ह्याचा पगार ह्यातल्या कशात मिळतो?"

वर्ग परत हसला, मीही हसलो. पुण्याच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा फोन नंबर लिहून घेतला. माझा घेतला नाही. माझी वही त्यांनी बघितलीसुद्धा नाही. हेव्याला तारीख असते का? असलीच तर माझ्या हेव्याची ती.

मग एक दिवस ती आमच्या दुकानात आली. मी गल्ल्यावर बसलो होतो. लपायला जागा नव्हती.

"तू हितं?" ती म्हणाली.

"आमचंच आहे," मी म्हणालो. म्हणावंच लागलं.

मला वाटलं आता ही खो खो हसणार, उद्या वर्गभर करणार. तिचा चेहरा तर असा उजळला, की मला आणखीच राग आला. "अरे, मग तू इतके दिवस सांगितलं न्हाईस! तुझ्या घरात तर सगळं हाय की!" आणि ती थेट मागच्या बाजूला मोडीच्या ढिगाकडे गेली. मोड म्हणजे लोक जुनी भांडी देऊन नवी नेतात, ती जुनी भांडी. ती वितळवायला जायची. त्या ढिगावर बसून मी लहानाचा मोठा झालो, पण एकही भांडं कधी हातात घेऊन वाचलं नव्हतं. ती मात्र तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली.

अण्णांनी तिला विचारलं, "काय शोधतीस, पोरी?"

"काका, आमच्या आज्जीच्या घरात एकाच भांड्यावर नाव हाय. ते पण परक्याचं. मोडीतून घेतलेलं असणार. ती बाई कोण होती, ते मला लहानपणापासून कळंना झालंय. म्हणून सगळ्यांचीच वाचायला लागले."

झालं! अण्णांनी तिला पाट दिला. माझे अण्णा, ज्यांनी दोन वर्षांत मला "कशावर लिहितोस?" एवढंही विचारलं नव्हतं, ते तिच्याशी रोज दोन-दोन तास बोलायला लागले. मला तेव्हाच कळलं, की अण्णा टिंबं बघून भांडं कोणी कोरलं ते सांगू शकतात. "हे बार्शीच्या माणसाचं काम हाय. त्याचं टिंब खोल जातं, हाताला दम न्हवता धरवत." "हे पंढरपुराकडचं, ह्याची वेलांटी बघ कशी मोठी घेतलीय." ती लिहून घ्यायची, फोनवर आवाज उतरवून घ्यायची. अण्णा खुलायचे. तिच्यासाठी भडंग आणायचे. मी तिथेच गल्ल्यावर, ह्या दोघांना पाठ करून बसलेलो असायचो. एकदा अण्णा गिऱ्हाइकाला म्हणाले, "ही आमची पोरगी. एमए करतीय." गिऱ्हाइकाने माझ्याकडे बोट केलं तर म्हणाले, "त्यो बी करतोय."

त्यो बी करतोय! अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आमच्या मोडीच्या ढिगात तिला एक घबाड सापडलं. पन्नासेक भांडी, तांबे, डबे, पराती, आणि सगळ्यांवर नुसती बायकांची नावं. 'कडून' नाही, 'सप्रेम भेट' नाही. बाईचं नाव आणि महिना, बस्स. आणि सगळी टिंबं अण्णांच्या हातची. तिने अण्णांना न विचारताच त्यावर सिद्धांत मांडला. गिरण्यांत कमावणाऱ्या बायका स्वतःच्या नावाने लग्नात आहेर करू लागल्या, नवऱ्याचं नाव मागे पडलं, असा. सेमिनारमध्ये तिने ते वाचलं तेव्हा गाईड सर खुर्चीतून उठलेच. "हा पुरावा आहे पुरावा!" म्हणाले. घंगाळाचं प्रकरणसुद्धा त्यांनी पोटात घातलं.

ते चूक होतं, आणि मला ते माहीत होतं.

ती आहेराची भांडी नव्हतीच. ती भिशीची होती. गिरण्या बंद पडल्यावर आमच्या दुकानात बायकांची भांड्यांची भिशी चालायची. विड्या वळणाऱ्या बायका दर महिन्याला थोडे थोडे पैसे जमवायच्या, चिठ्ठी निघेल तिला भांडं, आणि त्यावर तिचं नाव अण्णा तिथल्या तिथे घालून द्यायचे. बाईने स्वतःसाठी घेतलेलं भांडं! आहेराशी काही संबंध नाही. मी चार-पाच वर्षांचा असताना चिठ्ठ्या माझ्याच हाताने काढायचे. सेमिनार संपल्यावर मी सांगू शकलो असतो. दोन मिनिटांचं काम होतं. मी टाळ्या वाजवल्या. मी ठरवलं होतं, आमच्या विभागात तोंडी परीक्षेला सगळा वर्ग बसतो, बाहेरचे परीक्षक असतात, तेव्हा उभं राहून विचारायचं. प्रश्न कसा विचारायचा त्याचा मी आरशासमोर सरावही केला होता. असला माणूस मी.

पण ती पडली वेगळीच. प्रबंध देण्याआधी तिला तो अण्णांना वाचून दाखवायचा होता. "ज्यांचं हाय त्यांना आधी ऐकवायला नको का?" म्हणाली. आमच्या कुणाच्या डोक्यात असलं काही आलं नव्हतं. मी ऐकवणार तरी कुणाला होतो, अकरा लेखकांना? ती पाटावर बसली, अण्णा चष्मा पुसत ऐकू लागले. ते प्रकरण आलं आणि अण्णा हसायलाच लागले.

"अगं पोरी, हे आहेराचं न्हवं. भिशीचं हाय."

"भिशीचं?"

अण्णांनी सगळं सांगितलं. मग सहज, अगदी सहज म्हणाले, "आन् ह्याला ठावं हाय की. ह्याच्याच हातनं चिठ्ठ्या निघायच्या. ह्यानं सांगितलं न्हाय व्हय?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"विसरलो होतो," मी म्हणालो.

तिला कळलं. अण्णांनाही कळलं. ती मला बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. तिने पेन्सिल घेतली आणि प्रकरणाच्या प्रत्येक पानावर उभी रेघ मारत गेली. पंचवीस-तीस पानं असतील. रेघा मारून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे वस्तू बोलतच न्हाय. माणसालाच इचारावं लागतं." मग नवीन कोरं पान काढलं. "काका, भिशी सुरू कुणी केली?"

अण्णांनी चष्मा परत काढून पुसला. मग म्हणाले, "ह्याच्या आईनं."

माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. अण्णा तिच्याबद्दल कधी बोलायचे नाहीत आणि मी विचारायचो नाही, असं आमच्या घरात आपोआप ठरलेलं होतं. भिशी अण्णांची, असंच मी धरून चाललो होतो. म्हणजे जे गुपित मी मोठ्या तोऱ्यात दाबून ठेवलं होतं, ते मलाही अर्धंच ठाऊक होतं.

अण्णा पुढे बोलायला लागले. आणि मी काय केलं? "चहा सांगून येतो," म्हणालो आणि बाहेर पडलो. मला तिथे बसवेना. माझ्या आईची गोष्ट माझ्या बापाच्या तोंडून, आणि तीही हिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ऐकायची? मी पार कन्ना चौकापर्यंत चालत गेलो. दीड तासाने परत आलो तेव्हा ती निघून गेली होती आणि अण्णा दिवा लावत होते. "चहा कुटाय?" त्यांनी विचारलं. चहा मी विसरलोच होतो. त्या दिवशी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तिने एक सत्र मागे राहणं पत्करलं आणि सगळं पहिल्यापासून लिहिलं. भिशीतल्या बायकांना शोधत पूर्व भागातल्या गल्ल्यांतून हिंडली. बऱ्याच जणी तेलुगू बोलणाऱ्या, तर कामापुरतं तेलुगू शिकली. मी तोवर पहिला आलो होतो. पदक घेतानाच्या फोटोत माझा चेहरा बघा, कुणाची तरी जिरवल्यासारखा दिसतो. तिचा प्रबंध झाल्यावर ग्रंथालयात गेलो आणि आधी ऋणनिर्देशाचं पान उघडलं. माझं नाव नसावं असंही वाटत होतं आणि असावं असंही. लिहिलं होतं, "माझी चूक ठाऊक असून गप्प राहिलेल्या वर्गमित्राचे आभार. त्याने सांगितले असते तर मी काकांना भिशीबद्दल विचारले नसते." टोमणा म्हणावा तर तिला टोमणा मारता येत नाही. खरंच आभार मानले होते तिने. ते जास्त झोंबलं.

मग नवीन वस्तुसंग्रहालयात सहायकाची जागा निघाली. एकच जागा. आम्ही दोघांनीही अर्ज केला. माझी दोन वर्षं संपली होती, मला ती जागा पाहिजेच होती. मुलाखतीला तीन जण, त्यात त्या पुण्याच्या बाई. मला विचारलं, "लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू संग्रहालयाला द्याव्यात म्हणून तुम्ही काय कराल?" मी वारसा जतनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या. तिला तोच प्रश्न विचारला म्हणे. ती म्हणाली, "आधी त्यांच्याकडे पाणी मागीन."

जागा तिला मिळाली. मी दुकानात बसलो. मध्ये एक वर्ष तासिका तत्त्वावर बार्शीला जाऊन आलो, तो बाकावरचा विनोद माझ्याच बाबतीत खरा ठरला. नंतर अण्णांचे डोळे गेले आणि मग कायमचाच बसलो. नाव घालायला मी यंत्र आणलं. हल्ली तेही कुणी घालून घेत नाही, लोक पाकिटं देतात. अण्णा जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या दहाव्याला ती आली होती. माझ्याहून जास्त रडली. मला त्याचाही राग आला.

संग्रहालयात आता भिशीचं एक दालन आहे. ती पन्नास भांडी एका मोठ्या कपाटात मांडलीत आणि शेजारी ज्यातून चिठ्ठ्या निघायच्या तो डबा. खाली माझ्या आईचं नाव. दुकान बंद असतं त्या दिवशी मी तिथे जातो. खिडकीवर तिकीट काढतो, रांगेत उभं राहून. मी कोण ते तिथल्या माणसाला माहीत नाही आणि मी सांगत नाही. ती आतल्या खोलीतून येते, हातात कसली तरी चिमटी नाहीतर ब्रश, केस पांढरे व्हायला लागलेत. "आलास? बस," म्हणते. आणि मी एकच प्रश्न विचारतो. दर वेळी नवा, पण एकच. माझ्या आईबद्दल मला काही विचारायचं असेल तर दुसरीकडे कुठे जाऊ? अण्णांनी जे काय सांगितलं ते हिलाच सांगितलं.

आईला तेलुगू येत होतं, हे मला तिथे कळलं. भिशी चालवायची पण स्वतः कधी चिठ्ठी टाकायची नाही, लोक काय म्हणतील म्हणून, हे कळलं. अण्णांशी भांडण झालं की ती आहेराच्या भांड्यांवरची नावं मुद्दाम लांबलचक सांगायची, नवऱ्याचं, सासऱ्याचं, गावाचं, म्हणजे अण्णांना तासभर ठोकत बसावं लागेल, हेही कळलं. हे ऐकून मी हसलो आणि मग तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा मनाचा हिय्या करून विचारलं. "त्या दिवशी मी चहा सांगायला गेलो होतो. अण्णा माझ्याबद्दल काही बोलले का? त्या दिवशी, नाहीतर नंतर कधी. कधीही."

हातातला ब्रश तिने टेबलावर ठेवला.

"तुझ्याबद्दल इचारायचं राहिलंच रे," ती म्हणाली. "सगळ्या सोलापूरचं इचारलं. तू समोरच बसलेला असायचास, म्हणून ध्यानातच आलं न्हाय."

भिशीच्या त्या प्रकरणानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची एक चूक माझ्या हाती लागली होती. मला बरं वाटायला पाहिजे होतं.